पुठ्ठ्याचं फलकयंत्र: भास्कराचार्यांचा ८७५ वर्षांपूर्वीचा कॅल्क्युलेटर घरी कसा बनवायचा

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. ऐकताना मापं निसटतात, म्हणून इथे सगळी मापं आणि तक्ता नीट दिलाय. बनवायला बसाल तेव्हा हे पान उघडं ठेवा.)

[००:००] १२ वाजता सूर्य माथ्यावर नसतो

आज सुरुवातीलाच एक गंमत सांगतो. आपल्या बजाजनगरात मोबाइलवर दुपारचे १२ वाजतात, तेव्हा सूर्य अजून मध्यावर आलेला नसतो. आणि हे वर्षातल्या एकाही दिवशी होत नाही, बरं का. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो साधारण १२ वाजून १३ मिनिटांनी मध्यावर येतो, तर फेब्रुवारीच्या मध्याला चक्क १२ वाजून ४३ मिनिटांनी.

मोबाइल चुकतोय का? नाही. मोबाइल भारताची वेळ सांगतो, बजाजनगरची नाही. मग बजाजनगरची स्वतःची वेळ कशी काढायची? सूर्य बघून. पण सूर्य किती वर आलाय यावरून किती वाजले हे काढायला साधं त्रैराशिक चालत नाही, त्रिकोणमिती लागते. आणि ती त्रिकोणमिती आपोआप करून देणारी एक फळी भास्कराचार्यांनी ११५० साली लिहून ठेवली आहे. तिचं नाव फलकयंत्र. आज आपण ती पुठ्ठ्यातून बनवणार आहोत.

आधीच सांगून ठेवतो, हा एपिसोड 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' या टाइपचा नाही. व्हॉट्सॲपवर तसले फॉरवर्ड भरपूर फिरतात आणि ते वाचून कोणाला काहीच कळत नाही. आपण उलटं करू. यंत्र बनवू, त्यात सूर्य पकडू, उत्तर मोबाइलशी ताडून बघू. मग भास्कराचार्यांनी नेमकं काय केलं होतं, ते आपोआप समजेल.

[०२:१०] आपल्या शेजारचीच गोष्ट

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्याच्या गोलाध्याय या भागात 'यंत्राध्याय' नावाचं प्रकरण आहे आणि आपलं यंत्र त्यातलंच. आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड, असं ते स्वतः सांगतात. हे गाव आजचं नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत.

पण एक ठिकाण पक्कं माहीत आहे. कन्नडचा औट्रम घाट उतरलात की तुम्ही चाळीसगाव तालुक्यात पोचता. तिथल्या पाटणला, म्हणजे आपण ज्याला पाटणादेवी म्हणतो तिथे, १२०७ सालचा शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, हे त्या लेखात कोरलं आहे. लेख संस्कृतात आहे, पण मठाला कोणी काय द्यायचं हा व्यवहाराचा भाग शेवटी त्या काळच्या मराठीत आहे!

हे चांगदेव यादव राजा सिंघण याच्या दरबारातले मुख्य ज्योतिषी होते. आणि सिंघणाची राजधानी कुठली? देवगिरी. आपला दौलताबाद. म्हणजे वाळूज एमआयडीसीतून सुट्टीच्या दिवशी बाईकवर जिथे चक्कर मारतो, त्याच किल्ल्यावरच्या दरबारात हे गणित माहीत असलेला माणूस बसायचा.

[०४:४०] अडचण काय होती?

समजा, आज २२ डिसेंबर आहे. सकाळी सूर्य क्षितिजापासून ३० अंश वर आलाय. सौर वेळेने किती वाजले?

त्या काळी एक सोपी रीत वापरात होती. आज दुपारी सूर्य जास्तीत जास्त किती वर जाणार, ते काढा. बजाजनगरात २२ डिसेंबरला ते येतं ४६.७ अंश. सूर्योदयापासून मध्यान्हापर्यंत ५ तास २४ मिनिटं. मग ४६.७ अंशांना ५ तास २४ मिनिटं, तर ३० अंशांना किती? त्रैराशिक लावा. उत्तर येतं ३ तास २८ मिनिटं.

खरं उत्तर आहे २ तास ३४ मिनिटं. जवळजवळ ५४ मिनिटांचा घोळ!

असं का? कारण सूर्य एकाच वेगाने वर चढत नाही. सकाळी भराभर चढतो आणि दुपारकडे आला की रेंगाळतो. झोक्यासारखं समजा. झोका वरच्या टोकाला पोचताना जसा मंद होतो, तसं. त्यामुळे सरळ त्रैराशिक सपशेल फसतं. चक्रयंत्रासारख्या साधनांवरून अशा रीतीने काढलेली वेळ भास्कराचार्यांना ढोबळ वाटायची. म्हणून त्यांनी फलकयंत्र मांडलं.

अचूक सूत्र आजच्या भाषेत असं आहे: सूर्याच्या उंचीचं साइन घ्या. त्याला दोन कोसाइनांच्या गुणाकाराने भागा. एक आपल्या गावाच्या अक्षांशाचं, दुसरं सूर्याच्या क्रांतीचं. क्रांती म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो कोन. आलेल्या उत्तरात ऋतूनुसार एक आकडा वजा करा किंवा मिळवा. शेवटी उलटं साइन घ्या, म्हणजे आकड्यावरून कोन शोधा. त्या कोनावरून वेळ.

म्हणजे एक साइन, एक भागाकार, एक बेरीज-वजाबाकी आणि एक उलटं साइन. ऊन असेल त्या दिवशी, दिवसातून कितीही वेळा. कॅल्क्युलेटर नाही, कागदाची चैन नाही. काय कराल?

[०७:१५] फळीवर गणित कसं बसवलं

भास्कराचार्यांनी या चार पायऱ्यांपैकी प्रत्येक पायरी फळीवरच्या एका वस्तूला वाटून दिली. मला तर हे वाचताना हार्डवेअर डिझाइन वाचतोय असंच वाटलं.

फळी ९० अंगुळं उंच आणि १८० अंगुळं लांब. वरच्या कडेच्या मध्यावर साखळी, तिने फळी टांगायची. साखळीपासून सरळ खाली लंबरेषा. या रेषेचे ९० समान भाग करून प्रत्येक भागावर एक आडवी रेघ. वरून ३० अंगुळांवर एक छिद्र, त्यात खुंटी. खुंटी मध्य धरून ३० अंगुळं त्रिज्येचं वर्तुळ. वर्तुळावर ३६० अंश आणि ६० घटिका. आणि खुंटीभोवती फिरणारी ६० अंगुळं लांबीची एक पट्टी. बस, एवढंच.

आता कोण काय करतं बघा.

साइन घेण्याचं काम आडव्या रेघा करतात. वर्तुळावरचा एखादा बिंदू मधल्या आडव्या रेघेपासून किती रेघा खाली आहे, ते मोजलं की साइन मिळालं. 'साइन' हा शब्दच मुळात आपल्या 'ज्या' किंवा 'जीवा'वरून अरबी आणि लॅटिनमधून फिरून आलाय. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. म्हणजे साइन हे कॅल्क्युलेटरवरचं बटन नाही, ती मोजता येणारी लांबी आहे. अकरावीत मला हे असं कोणी दाखवलं असतं तर किती बरं झालं असतं!

भागाकाराचं काम पट्टी करते. वर्तुळाच्या ३० ऐवजी पट्टीवर थोड्या जास्त अंतरावर, समजा ३४.८ वर, खूण करायची. पट्टी तिरकी केली की ती खूण वर्तुळापेक्षा त्याच प्रमाणात जास्त खाली जाते. समरूप त्रिकोण, दुसरं काही नाही. या अंतराला भास्कराचार्य 'यष्टी' म्हणतात.

बेरीज-वजाबाकी म्हणजे काही रेघा खाली किंवा वर सरकणं. या सरकण्याच्या मापाला 'चरज्या' म्हणतात.

आणि उलटं साइन? सरकून जिथे पोचलात त्या आडव्या रेघेवरून वर्तुळापर्यंत जा आणि तिथला अंश वाचा. झालं.

यातली खरी हुशारी यष्टी आणि चरज्येत आहे. हे दोन आकडे फक्त गाव आणि तारीख यांवर ठरतात. दिवसातून एकदा काढले की त्या दिवशी कितीही वेळा वेळ बघा, पुन्हा गणित करायचं नाही. जड काम एकदाच, हलकं काम पुन्हा पुन्हा. आम्ही कोडमध्ये आजही हेच करतो.

[१०:३०] सहा आकड्यांचा तक्ता

यष्टी काढायलाही त्रिकोणमिती नको म्हणून त्यांनी सहा आकडे दिलेत: ४, ११, १७, १८, १३, ५. तेसुद्धा शब्दांत. ४ साठी वेद, ५ साठी बाण, असं. पाठ करायला सोपं जावं म्हणून.

हे आकडे कुठून आले? सूर्य संपातबिंदूपासून, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या जागेपासून, १५ अंश पुढे गेला की पहिला आकडा घ्यायचा. आणखी १५ अंश गेला की दुसरा त्यात मिळवायचा. ९० अंश पूर्ण झाले की सहाही आकड्यांची बेरीज ६८. हे अंगुळाचे साठावे भाग आहेत आणि ते १२ मध्ये मिळवायचे. १२ का? कारण सावली मोजायचा शंकू १२ अंगुळांचा धरत असत. ६८ साठावे भाग मिळवले की होतात १३.१३३.

मी हे पायथनमध्ये पाच ओळींत तपासलं. त्या काळी सूर्याची कमाल क्रांती २४ अंश मानत, म्हणून १२ भागिले २४ अंशांचं कोसाइन केलं. उत्तर १३.१३६! बाकीच्या पाच जागाही तपासल्या. सगळ्यात मोठा फरक हजारात एक. आपल्या पुठ्ठ्यावर तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा होतो, म्हणजे पेन्सिलच्या रेघेपेक्षाही बारीक. सहा पूर्णांक पाठ करा, आणि कोसाइनचा तक्ता तुमच्या डोक्यात!

यात आता गाव घालायचं. संपाताच्या दिवशी मध्यान्हाला १२ अंगुळांच्या काठीची सावली म्हणजे 'पलभा'. बजाजनगरचा अक्षांश साधारण १९.८५ अंश, म्हणून इथली पलभा ४.३३ अंगुळं. काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतचं तिरकं अंतर म्हणजे 'पलकर्ण', तो १२.७६. वरच्या आकड्याला पलकर्णाने गुणायचं आणि ३० च्या त्रिज्येला बसेल अशा मापात आणायचं, म्हणजे ४.८ ने भागायचं. आली यष्टी. जीपीएस नाही, नकाशा नाही. एका काठीच्या सावलीने यंत्राला सांगितलं की आपण पृथ्वीवर कुठे आहोत.

[१३:२०] आता बनवूया

मूळ माप पाळायची गरज नाही, प्रमाण पाळलं की झालं. आपण १ अंगुळ म्हणजे ३ मिलिमीटर धरू.

सामान: पाच पदरी खोक्याचा पुठ्ठा (वाळूजमध्ये याची टंचाई नाही, कुठल्याही दुकानदाराला रिकामं खोकं मागा), चार्ट पेपर, फेविकॉल, कटर, स्टीलची पट्टी, कंपास, कोनमापक, गुण्या, एक दाभण, दोरा आणि ओळंब्यासाठी एक नट.

पायरी १. फळी. ५४ बाय २७ सेंटिमीटरचा तुकडा कापा, पण वरच्या लांब कडेला २ सेंटिमीटर जास्त ठेवा. टांगायचं भोक तिथे पाडायचं आहे. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या लांबीच्या दिशेने हव्यात, नाहीतर फळी मध्येच वाकते. चार्ट पेपर चिकटवताना फेविकॉल पातळ करू नका. चिकटवून झालं की रात्रभर वह्या-पुस्तकांच्या ओझ्याखाली ठेवा.

पायरी २. रेघा. मधोमध लंबरेषा मारा. तिच्यावर दर ३ मिलिमीटरला खूण आणि प्रत्येक खुणेतून आडवी रेघ. एकूण ९०. कंटाळवाणं काम आहे, गाणी लावून बसा. दर पाचवी रेघ गडद आणि दर दहावी लाल करा, पुढे मोजताना डोळे दुखणार नाहीत. आलेख कागद चिकटवला तर अर्धी मेहनत वाचते.

पायरी ३. वर्तुळ. वरून ३० वी रेघ, म्हणजे ९ सेंटिमीटर खाली, तिथे मध्यबिंदू. ९ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. आपल्याला फक्त खालचा अर्धा भाग लागतो. दोन्ही बाजूंना, मधल्या आडव्या रेघेवर ० आणि अगदी तळाला ९०, असे अंश लिहा. या वर्तुळावर १ अंश म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. आतल्या बाजूला घटिकाही लिहा: ६ अंशांना १ घटिका, पाव वर्तुळात १५. एक घटिका म्हणजे २४ मिनिटं.

पायरी ४. खुंटी. मध्यबिंदूत दाभण खुपसा. दोन सेंटिमीटर बाहेर राहू द्या. दाभण फळीशी काटकोनात आहे ना, हे गुण्याने दोन दिशांनी तपासा. ही पायरी घाईत उरकू नका, पुढचं सगळं हिच्यावर अवलंबून आहे.

पायरी ५. पट्टी. बुटांच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा किंवा जुन्या फाइलचं प्लास्टिक घ्या. एक सेंटिमीटर रुंद पट्टी. एका टोकाला छोटा कान ठेवून भोक असं पाडा की पट्टीची एक कड बरोबर खुंटीच्या मध्यातून जाईल. मोजायचं ते त्याच कडेवर. खुंटीपासून दर ३ मिलिमीटरला खूण करा. मूळ पट्टी ६० अंगुळांची, पण आपल्याकडे यष्टी ३५ च्या वर जात नाही, त्यामुळे ४० पर्यंत केली तरी भागतं.

पायरी ६. टांगणं. वरच्या जादा पट्ट्यात बरोबर मधोमध भोक पाडून दोरा ओवा. खुंटीला दुसरा दोरा बांधून त्याला नट लटकवा, हा आपला ओळंबा. ओळंब्याचा दोरा लंबरेषेवर यायला हवा. येत नसेल तर हलक्या बाजूच्या मागे पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवा. जमलं की दोरा काढून ठेवा.

[१७:४५] बजाजनगरसाठी तयार तक्ता

यष्टी आणि चरज्या मी आजच्या २३.४४ अंश कमाल क्रांतीने काढून ठेवल्यात. भास्कराचार्यांचे २४ अंश धरले तरी यष्टीत अर्ध्या मिलिमीटरहून कमीच फरक पडतो.

- २१ मार्च, २३ सप्टेंबर: यष्टी ३१.९, चरज्या ०
- २१ एप्रिल, २२ ऑगस्ट: यष्टी ३२.६, चरज्या २.३ (वर)
- २१ मे, २३ जुलै: यष्टी ३४.०, चरज्या ४.० (वर)
- २१ जून: यष्टी ३४.८, चरज्या ४.७ (वर)
- २४ ऑक्टोबर, १८ फेब्रुवारी: यष्टी ३२.६, चरज्या २.३ (खाली)
- २२ नोव्हेंबर, २१ जानेवारी: यष्टी ३४.०, चरज्या ४.० (खाली)
- २२ डिसेंबर: यष्टी ३४.८, चरज्या ४.७ (खाली)

मधल्या तारखांना अंदाजाने मधला आकडा घ्या. दुसऱ्या गावातल्या मंडळींसाठी: यष्टी म्हणजे ३० भागिले अक्षांशाचं कोसाइन गुणिले क्रांतीचं कोसाइन. चरज्या म्हणजे ३० गुणिले त्याच दोन कोनांच्या टॅन्जंटचा गुणाकार. अक्षांश मोबाइलच्या कंपास ॲपमध्ये दिसतो.

[१९:३०] वेळ काढून बघू

सूर्याकडे थेट बघायचं नाही. गरजही नाही, आपल्याला फक्त सावली हवी आहे.

फळी दोऱ्याने टांगा, वारा नसेल अशी जागा बघा. आता फळी हळूहळू वळवा, इतकी की तिची धार सूर्याकडे येईल आणि ऊन तिच्या अंगावरून जेमतेम घसरत जाईल. खुंटीची सावली लांबट होऊन वर्तुळाला कापते. जिथे कापते तो अंश म्हणजे सूर्याची उंची.

आपलं मघाचं उदाहरण घेऊ. २२ डिसेंबरची सकाळ आणि सावली ३० अंशांवर.

एक: पट्टीची कड ३० अंशांवर लावा.
दोन: पट्टीवर ३४.८ ची खूण शोधा. ती मधल्या रेघेपासून किती रेघा खाली आहे? १७.४.
तीन: हिवाळा आहे, म्हणून ४.७ रेघा आणखी खाली. आलो २२.१ वर.
चार: त्या रेघेवरून आडवं वर्तुळापर्यंत जा. तिथे वाचा: साधारण ४७ अंश.
पाच: तिथून तळापर्यंत, म्हणजे ९० पर्यंत, ४३ अंश उरले. नेमकं गणित केलं तर ४२.६. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून मध्यान्हाला अजून २ तास ५० मिनिटं बाकी.

बजाजनगरची सौर वेळ सकाळचे ९ वाजून १० मिनिटं.

आता मोबाइलशी जुळवू. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि बजाजनगर आहे साधारण ७५.२४ वर. फरक ७.२६ अंश, गुणिले ४, म्हणजे २९ मिनिटं. ती मिळवली की ९:३९. शिवाय पृथ्वी सूर्याभोवती एकसारख्या वेगाने फिरत नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढे-मागे असतो. ११ फेब्रुवारीच्या सुमारास तो १४ मिनिटं मागे असतो आणि ३ नोव्हेंबरच्या सुमारास १६ मिनिटं पुढे. २२ डिसेंबरला तो दीडेक मिनिट पुढे असतो, तेवढं वजा करा. मोबाइलवर ९:३७ दिसायला हवेत.

मुंबईकरांनी २९ ऐवजी ३८-३९ मिनिटं घ्यावीत, पुणेकरांनी ३४-३५ आणि नागपूरकरांनी १३-१४.

एक बोनस. पट्टी शून्यावर ठेवा, म्हणजे सूर्य क्षितिजावर. मधल्या रेघेपासून फक्त ४.७ रेघा खाली जा आणि वर्तुळावर वाचा: ९ अंश, म्हणजे ३६ मिनिटं. २२ डिसेंबरला सूर्य सौर वेळेच्या ६ नंतर ३६ मिनिटांनी उगवतो. २१ जूनला तेवढाच आधी. आपल्याकडे सगळ्यात मोठा दिवस १३ तास १२ मिनिटांचा आणि सगळ्यात लहान १० तास ४८ मिनिटांचा का, ते एका रेघेत दिसलं.

[२४:००] यंत्र कुठे कमी पडतं

तेही सांगायलाच हवं. सकाळी किंवा दुपारी उशिरा, सूर्य ३० अंशांवर असताना वाचनात १ अंशाची चूक झाली तर वेळेत ६ मिनिटांचा फरक पडतो. पण मध्यान्हाच्या ४० मिनिटं आधी तीच १ अंशाची चूक १८ मिनिटांची होते. कारण आधी बोललो तेच, दुपारी सूर्य रेंगाळतो. त्यामुळे ११ ते दीड या वेळात फळीच्या उत्तरावर फार भरवसा ठेवू नका. हा पुठ्ठ्याचा दोष नाही. सोन्याची फळी केली तरी हेच होईल.

दुसरं, सूर्य हा ठिपका नाही, त्याची थाळी अर्ध्या अंशाची आहे. म्हणून सावलीच्या कडा धूसर येतात. सावलीचा मध्य धरा, कड नको. आणि तीन-चार वेळा वाचून सरासरी घ्या.

अजून एक मजा. बजाजनगरचा अक्षांश २३.४४ पेक्षा कमी, म्हणून वर्षातून दोनदा, १९-२० मेच्या आणि २४ जुलैच्या आसपास, सूर्य मध्यान्हाला बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस. त्या दिवशी खुंटीची सावली वर्तुळाच्या तळाला, ९० अंशांवर पडायला हवी. जुलैमध्ये ढग असतात, म्हणून मे साधा.

[२६:१५] शेवटचं यंत्र

हे सगळं करून नेमकं कळलं काय? भास्कराचार्यांनी मोबाइल शोधला नव्हता आणि तसं म्हणून त्यांचा मान वाढतही नाही. त्यांनी जे केलं ते जास्त भारी आहे. एक अवघड सूत्र घेतलं, त्याचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याला एक रेघ, एक कमान किंवा एक पट्टी दिली, आणि ज्याला सूत्र येत नाही त्यालाही बरोबर उत्तर मिळेल अशी सोय केली. तुमच्या फोनमधल्या प्रत्येक ॲपच्या मागे कोणीतरी हेच काम करत असतं. फरक एवढाच की फोनचं झाकण उघडून बघितलं तर काही दिसत नाही. या फळीत मात्र सगळं गणित उघड्यावर आहे.

यंत्राध्यायात ते एकामागून एक यंत्रं सांगतात आणि यादीच्या शेवटी येतात 'धीयंत्रा'वर. धी म्हणजे बुद्धी. हातात साधी काठी असली आणि डोकं चालत असलं, तर बाकीच्या यंत्रांवाचून अडत नाही, असा त्यांचा रोख आहे. फलकयंत्रासारखी देखणी गोष्ट मांडणारा माणूस हे म्हणतो, म्हणून ते पटतं.

या आठवड्याचं काम: फळी बनवा. सकाळी ८ ते १० च्या मध्ये तीन वाचनं घ्या. प्रत्येक वेळी आधी फळीवरून वेळ काढून वहीत लिहा आणि मगच मोबाइल बघा. हा क्रम महत्त्वाचा, कारण आधी मोबाइल बघितला की डोळ्यांना हवी तीच रेघ दिसते. तिन्ही वाचनं, गावाचं नाव आणि फळीचा फोटो आम्हाला पाठवा. फरक १० मिनिटांच्या आत आला तर पहिल्या फळीसाठी झकासच. जास्त आला तर आधी दाभणाचा काटकोन आणि मग ओळंबा तपासा.

घरात नववी-दहावीतलं कोणी असेल तर रेघा मारायला त्यालाच बसवा. ९० रेघा मारून झाल्यावर 'साइन म्हणजे काय' हे त्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऊन चांगलं पडू दे!